सासूबाईंचं सिडनीचं व्होट

…नाही, मला तुम्ही एकच सांगा. निवडणूक ऑस्ट्रेलियाची. ऑस्ट्रेलिया कुठे? तर पृथ्वीच्या पार त्या टोकाला, आपण उशीला डोकं टेकतो तेव्हा तिकडचे लोक दात घासत असतात. आणि तिचा प्रचार कुठे चाललाय? तर इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये, माझ्या घरात, माझ्या फ्रिजवर! फ्रिजवर हो! एका दारावर लाल पत्रक, दुसऱ्या दारावर निळं पत्रक, मधे माझ्या डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटचं कार्ड होतं ते कुठे गेलं कुणास ठाऊक, दाढ अजून ठणकतेय. बरं, घरात व्होटर किती? एक! आमच्या सासूबाई. विमलाबाई, वय चौऱ्याहत्तर. बाकी सगळे नुसते कार्यकर्ते. आणि मी? मी सतरंज्या उचलणारा. कारण मला तर व्होटसुद्धा नाही!

तसं नाही, पहिल्यापासून सांगतो. सासूबाई मूळच्या नागपूरच्या, प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं मास्तरीण. सासरे गेले तेव्हा मुलगा सम्यक सिडनीला होता, तो त्यांना घेऊन गेला, सोळा वर्षं तिथे राहिल्या, तिथल्या नागरिक झाल्या. आमची मनाली, म्हणजे त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको… तीसुद्धा पूर्वी तिथेच नर्स होती, पण आई तिकडे जायच्या आधीच लग्न होऊन इकडे आली, कारण माझी नोकरी ब्रॅकनेलला, आयटीमध्ये. सप्टेंबरात मनालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सासूबाई लेकीकडे आल्या, आणि इकडे त्या रमताहेत तोच तिकडे निवडणूक लागली. मनालीचं नाव तिकडच्या यादीतून कधीच गळलंय. राहिलं कोण? सासूबाई. आणि त्यांचं व्होट काय साधंसुधं आहे का? त्यांचा मतदारसंघ सिडनीच्या पश्चिमेला, तिथे गेल्या वेळी उमेदवार इतक्या थोडक्या फरकाने आला म्हणे, की तेवढी माणसं आमच्या इथल्या भीमजयंतीच्या जेवणाला असतात. म्हणजे एकेक व्होट सोन्याचं. आणि असं सोन्याचं व्होट माझ्या सोफ्यावर बसून सकाळी मोसंबी सोलतंय!

आता भांडण कसं लागलं ते ऐका. सम्यकचा तिकडे इलेक्ट्रिकल कामांचा बिझनेस, तीन व्हॅन, दोन पोरं हाताखाली. तो लिबरलवाला. तिकडचे लिबरल म्हणजे नावाला उदारमतवादी, बाकी आपल्या इकडच्या टोरींचे, म्हणजे हुजूरपक्षवाल्यांचे, मावसभाऊ समजा. आणि मनाली नर्स, ती लेबरवाली, हाडाची. फ्रिजवरचं लाल पत्रक हिचं, निळं सम्यकने आईला पाठवलेलं. सुरुवात फॅमिली ग्रुपवर झाली. तो म्हणाला, लेबरला फक्त वाटायचं कळतं, कमवायचं कोणी? ही म्हणाली, तुझ्या लिबरलांच्या हातात दिलं तर म्हातारी माणसं डॉक्टरकडे जायच्या आधी पर्स उघडून बघतील. तो म्हणाला, ताई, तू स्लाऊमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. ही म्हणाली, तू पैशाच्या मागे लागलेला माणूस आहेस, बाबा असते तर त्यांना लाज वाटली असती. संपलं! बाबांपर्यंत गेलं म्हणजे संपलं. मनाली ग्रुप सोडून गेली. ग्रुपचं नाव काय, माहितीये? ‘मैत्री’!

आणि तुम्हाला सांगतो, इथवर मला मजा वाटत होती. भांडताहेत बहीणभाऊ, भांडू दे, ऑस्ट्रेलियाचं सरकार काय ह्यांना विचारून बनणार आहे? पण जूनमध्ये सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्यासाठी सम्यक, त्याची बायको आसावरी आणि पोरगी दिया असे तिघं आमच्याकडे यायचे होते, तिकिटं काढून झाली होती. आणि एका शुक्रवारी सासूबाईंच्या फोनवर त्याचा मेसेज आला. आई, आम्ही हॉटेलात उतरू, तू तिकडे भेटायला ये, ताईच्या घरात मी पाय ठेवणार नाही.

बाईंनी तो मेसेज तीन वेळा वाचला. मी समोरच डिशवॉशर लावत होतो. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, आणि मला म्हणाल्या, “जावईबापू, सोळा वर्षं मी लेकाजवळ राहिली आणि लेकीला फोनमध्ये बघितलं. आता लेकीजवळ आहे तर लेक फोनमध्ये. दोघं एका ताटाभोवती बसलेली बघायची होती मला. तेवढंच मागणं होतं, बापा.”

डिशवॉशरमध्ये मी त्या दिवशी धुतलेलीच भांडी परत लावली.

आणि इकडे ह्या दोघांचं काय चाललेलं? दोघांचा डोळा आईच्या व्होटावर! मनाली सकाळी आईला चहा देते, चहाबरोबर मेडिकेअर, म्हणजे तिकडचा सरकारी दवाखर्च. सम्यक तिकडून फोन करतो, तब्येत विचारतो, तब्येतीवरून पेट्रोल, पेट्रोलवरून घरांचे भाव, भावांवरून लिबरल. बहिणीशी बोलत नाही, पण मला चोरून विचारतो, “दाजी, आईचा मूड कुणीकडे आहे?” अरे, मला काय माहीत आईचा मूड? मी ब्रॅकनेलला असतो दिवसभर! मनाली मला म्हणते, तू सम्यकला काय सांगितलंस? सम्यक म्हणतो, दाजी, तुम्ही ताईच्या बाजूने झुकलात. म्हणजे माझीसुद्धा बाजू ठरवून मोकळे. आणि मला तर व्होटसुद्धा नाही!

त्यात तिकडची व्होट द्यायची तऱ्हा निराळी. आपल्यासारखं बटण दाबलं, बोटाला शाई लागली, चला घरी, असं नाही. तिकडे जेवढे उमेदवार उभे, तेवढ्या सगळ्यांना नंबर द्यायचे. एक, दोन, तीन, पार शेवटपर्यंत. सासूबाईंच्या मतदारसंघात नऊ जण उभे. नऊच्या नऊ नंबर लिहायचे, एक जरी चौकोन रिकामा राहिला तरी अख्खं व्होट बाद. म्हणजे ज्याचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही, त्यालाही नववा का होईना, नंबर द्यायचाच. मी म्हटलं, काय हा जाच! सासूबाई म्हणाल्या, जाच कशाचा, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराचंही नाव हजेरीत असतंच ना?

मग एके दिवशी बाईंनी जाहीर केलं. रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे सम्यककडे संध्याकाळी पाच, व्हिडिओ कॉलवर वादविवाद. दहा-दहा मिनिटं. विषय, लेबर की लिबरल. ज्याची बाजू पटेल त्याला माझा पहिला नंबर. झालं! घरात आठवडाभर बोर्डाच्या परीक्षेचं वातावरण. मनाली ड्यूटीवरून येते आणि तक्ते काढते, लाल स्केचपेन संपलं म्हणून मला टेस्कोला पिटाळते. तिकडे सम्यक व्हॅनमध्ये बसून भाषण पाठ करतोय, असं आसावरीने मला गुपचूप कळवलं. आणि वेळ लावायला कोण? मी. बिस्किटं आणायला कोण? मी. लॅपटॉपचा चार्जर शोधायला कोण? विचारू नका.

रविवार उजाडला. सासूबाई पांढरी साडी नेसून किचनमधल्या खुर्चीवर बसलेल्या, समोर स्टीलची ताटली आणि चमचा, घंटा म्हणून. स्क्रीनवर सम्यक इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय, मागे दिया उभी. बहीण भावाकडे बघत नाही, भाऊ बहिणीकडे बघत नाही, दोघंही माझ्याकडे बघताहेत, मी काय घोडं मारलंय? मनालीने तक्ता उचलला. बाईंनी चमचा वाजवला.

“थांब. सम्यक, तू लेबरच्या बाजूने बोल. मनाली, तू लिबरलच्या.”

असं म्हटल्यावर काय व्हायचं ते झालं. मनालीचा तक्ता हवेतच राहिला. सम्यकला वाटलं नेटवर्क गेलं, त्याने चारदा हॅलो हॅलो केलं. मग दोघं एकदमच, महिन्यात पहिल्यांदा एका सुरात म्हणाले, आई, हे काय भलतंच? बाई शांत. म्हणाल्या, “भलतं काहून? बत्तीस वर्षं शाळेत मी वादविवाद असाच घेतला. आपल्या बाजूने पोपटही बोलतो. दुसऱ्याची बाजू नीट मांडता आली, तर मी म्हणेन तुला विषय समजला. चल सम्यक, जावईबापू, वेळ लावा.”

तुम्हाला सांगतो, मी त्या बाईला तिथे मनातल्या मनात हात जोडले.

सम्यकने आधी टवाळी केली. लेबर फार थोर पक्ष आहे, लोकांचे पैसे लोकांनाच वाटतो… टण्ण! चमचा. बाई म्हणाल्या, टिंगल नको, बाजू मांड. परत सुरू केलं, परत टण्ण. तिसऱ्यांदा त्याने डोकं खाजवलं. मागे वळून दियाकडे बघितलं. आणि मग निराळ्याच आवाजात बोलायला लागला. दिया दोन वर्षांची असताना न्यूमोनियाने अकरा दिवस सरकारी हॉस्पिटलात होती. तेव्हा त्याची एकच व्हॅन होती आणि तीही हप्त्यावर. तो म्हणाला, “मी रोज कार्ड खिशात ठेवून जायचो, आज कोणीतरी बिल मागणार म्हणून. अकराव्या दिवशी नर्स म्हणाली, घेऊन जा घरी. मी विचारलं, पे कुठे करायचं? तर ती म्हणाली, कशाचं?” दियाने मागून त्याच्या गळ्यात हात टाकले, तिला काय कळलं कुणास ठाऊक. मग तो हळूच म्हणाला, तेव्हा मी ताईला फोन केला होता, ती सात तास फोनवर होती माझ्याबरोबर.

मनालीने तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला. तिची पाळी. म्हणाली, एक माणूस आहे. पहाटे पाचला व्हॅन काढतो. दोन पोरांना कामाला लावतो, त्यांना हातातलं काम शिकवतो, त्यांच्या घरची चूल पेटते ती ह्याच्या जिवावर. सरकारला ह्याच्याकडून काय पाहिजे? फॉर्म. आणखी फॉर्म. शनिवारी पोरीचा डान्स असतो आणि हा फॉर्म भरत बसतो. आठ वर्षांत त्याने एक मोठी सुट्टी काढली, ती पण… ती पण बहिणीच्या घरी यायची म्हणून. अशा माणसाच्या बाजूने कोणी तरी बोलायला नको का? “आणि त्याला मी पैशाच्या मागे लागलेला म्हटलं,” ती म्हणाली, “बाबांचं नाव घेऊन म्हटलं.”

घड्याळात बघितलं तर पंचवीस मिनिटं झाली होती. मी टायमर लावायलाच विसरलो होतो, आणि बाईंनीही चमचा ताटलीत नुसता ठेवून दिला होता.

आता तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं, गोड शेवट, चला चहा टाका. कसलं हो! पाचव्या मिनिटाला परत जुंपली! सम्यक म्हणतोय, आई, ताईचं खरं आहे, तू लेबरलाच दे. मनाली म्हणतेय, अजिबात नाही, आई, तू लिबरलला दे, सम्यकच्या पोटाचा प्रश्न आहे. तो म्हणतो, तू मला सांगू नकोस माझ्या पोटाचं. ही म्हणते, तुला स्वतःचं हित कळलंय कधी? आता लेबरचा प्रचार सिडनीहून आणि लिबरलचा स्लाऊहून! मनालीने फ्रिजवरचं लाल पत्रक काढून त्यावर लिबरलच्या बाजूचे मुद्दे लिहायला घेतले. एकमेकांवर रुसून भांडत होते ते बरं होतं, आता एकमेकांच्या प्रेमाने भांडायला लागले, त्याला तर अंतच नाही! म्हणजे माझं काय, आगीतून फुफाट्यात. आणि मला तर व्होटसुद्धा नाही!

फक्त हॉटेलचं कोणीच काही बोलत नव्हतं. सम्यकने ते मागे घेतलं नव्हतं, मनालीने विचारलं नव्हतं. दोघांचा मान मधे आडवा पडलेला. आणि बाई त्या आडव्या मानाकडेच बघत होत्या, मला दिसत होतं.

शेवटी व्होट द्यायचा दिवस आला. लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कमिशनच्या इमारतीत सोय असते. घेऊन कोण जाणार? बरोब्बर. स्लाऊहून पॅडिंग्टन, तिथून पुढे आणखी गाडी बदलून पोचलो, तर ही रांग! इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत. कोणी पिवळ्या जर्सीत, कोणी कुत्रं घेऊन, आणि एका बाजूला धूर… सॉसेज भाजताहेत! पावात सॉसेज, वर कांदा. व्होट द्यायला जायचं आणि सॉसेज खायचं, ही तिकडची पद्धत. सासूबाईंनी एक घेतलं, अर्धं मला दिलं, म्हणाल्या, सिडनीत कांदा जास्त घालतात.

रांगेत दोन्ही पक्षांची पोरं पत्रकं वाटत होती. बाईंनी दोन्ही घेतली, चष्मा लावून वाचली, आणि त्या लाल टी-शर्टवाल्या पोराला इंग्रजीत विचारायला लागल्या. दुसरा नंबर ह्याला द्या म्हणतोस, का? हा माणूस काय काम करतो? घर घ्यायला मदत देणार म्हणतोस, मग घरं महाग झाली तर? पोरगं घामाघूम झालं. निळा हसत होता, तर त्याच्याकडे वळल्या. मग तोही हसायचा थांबला. शेवटी दोघं एका बाजूला होऊन आपापसांत बोलताना मला दिसले. तुम्हाला खरं सांगतो, रांगेतली माणसं मागे वळून बाईंकडे बघत होती आणि माझी छाती फुगली होती, जसं काही मीच त्यांना शिकवून आणलंय.

आणि तिथे, अर्धं सॉसेज माझ्या तोंडात असताना, बाईंनी सहज विचारलं, “जावईबापू, तुम्ही इथे कोणाला देता?”

मी म्हटलं, आई, मला कुठलं व्होट, माझा तर इंडियन पासपोर्ट.

“कोणी सांगितलं?”

कोणी म्हणजे… कोणी नाही… सगळ्यांना माहीत असतं. बाई म्हणाल्या, हिवाळ्यात मी लायब्ररीत जात होती ना, तिथल्या बाईने मला सांगितलं, भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. इथे रीतसर राहणाऱ्या भारतीयाला नाव नोंदवता येतं, कौन्सिलला पण आणि खासदाराला पण. “मला वाटलं, तुम्ही देतच असाल.”

अहो, एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी ह्या देशात आहे! माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पाच सार्वत्रिक निवडणुका. आणि ब्रेक्झिट! ब्रेक्झिटवर मी ऑफिसात, ट्रेनमध्ये, लोकांच्या बारशात किती बोललोय! आणि ह्याहून वाईट सांगू? दर चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात भाषण कोणाचं असतं? माझं. विषय काय असतो? मताधिकार! एक माणूस, एक मत, एक मूल्य, असं मी टेबलावर मूठ आपटून सांगतो, लोक टाळ्या वाजवतात, गेल्या वर्षी एका आजींनी डोळे पुसले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता रुमाल काढून दिला, म्हणाल्या, हनुवटीला कांदा लागलाय.

पाऊण तास आत होत्या. हिरवा कागद नऊ नावांचा, तो ठीक, पण दुसरा पांढरा कागद आंघोळीच्या टॉवेलएवढा, तोही वाचून काढला असणार. बाहेर आल्या तर फोन वाजतच होता. एका चौकोनात मनाली, एका चौकोनात सम्यक, कोणाला दिलंस, कोणाला दिलंस? बाई म्हणाल्या, गुप्त मतदान असतं. मग सम्यकच्या मागून दियाने तोंड घातलं, “आजी, तू कोणाला दिला तुझी व्होट?”

बाई तिला म्हणाल्या, “सगळ्यांना दिला, बाळा. नंबर सगळ्यांना द्यावा लागतो. राग आला म्हणून एकाला जरी गाळलं, तर आपलंच बाद होतं.”

रस्त्यावरून लाल बस गेली, दुसरी गेली. मग सम्यकने घसा साफ केला.

“ताई, तुझ्याकडे एअर बेड आहे का? का आम्ही आणू?”

मनाली म्हणाली, आणता कशाला, माझ्या खोलीत झोपा, आम्ही खाली झोपतो. आम्ही म्हणजे कोण, हे मला कोणी विचारलं नाही. पण बाईंनी फुटपाथवर माझा हात धरला, आणि पॅडिंग्टनपर्यंत सोडला नाही. त्या हाताबद्दल मी काही विनोद करणार नाही.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी मला लॅपटॉपसमोर बसवलं. पाच मिनिटं लागली. एकोणीस वर्षांचं काम पाच मिनिटांत! आणि नशीब बघा, जूनमध्ये आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक निघाली. पंचाहत्तरीला सम्यकची मंडळी आली, एका ताटाभोवती सगळे बसले, बाईंनी दोघांना आपल्या हाताने वाढलं, सगळं यथासांग झालं. आणि जेवण झाल्यावर बाईंनी ताटली-चमचा घेतला! म्हणाल्या, जावईबापूंचं पहिलं मतदान आहे, वादविवाद झाला पाहिजे. आणि मला बाजू कोणाची दिली? समोरच्या घरातला जो माणूस उभा राहिलाय ना, त्याची. मी त्याच्याशी तीन वर्षं बोलत नाही! माझ्या कचऱ्याच्या बिनचं झाकण उघडं असतं म्हणून त्याने माझी तक्रार केली होती! तेव्हापासून मी त्याचं तोंड बघत नाही, आणि आता दहा मिनिटं त्याच्या बाजूने बोलायचं. लागलो हो तयारीला. तीन दिवस त्याची पत्रकं वाचली, काल तर अभ्यास म्हणून त्याच्याकडे जाऊन चहा पिऊन आलो. तासभर बसलो, तीन वर्षांपूर्वीचं सगळं त्याच्याच खिडकीतून बघितलं, आणि… काय सांगू तुम्हाला… उघडंच होतं हो माझं झाकण.